अकरा रात्री स्क्रिप्ट खोटं बोलत होती

मला चार दिवसांपूर्वीची एक हिशेबाची फाइल हवी होती. आदल्या दिवशी तिच्यावर चुकून दुसरंच काहीतरी सेव्ह करून बसले होते. तरी घाबरले नव्हते, कारण टेबलाखाली ठेवलेलं जुनं लिनक्स मशीन रोज रात्री दोन वाजता सगळं गुंडाळून दूरच्या सर्व्हरवर पाठवतं. लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडला. रोजची ओळ जागच्या जागी होती: ‘नेट आहे. बॅकअप झाला.’ मग सर्व्हर उघडला, तर शेवटची प्रत बारा दिवसांपूर्वीची. त्यानंतरच्या अकरा रात्रींचं तिथे काहीही नव्हतं.

हे काम करणारी स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने लिहिलेल्या आज्ञांची फाइल, माझीच. दोन वर्षांपूर्वी एका बैठकीत लिहिलेली, त्यानंतर एकदाही न उघडलेली. तिच्यात चार पायऱ्या होत्या: फायलींचा गठ्ठा बांध, नेट आहे का बघ, पाठव, इथला गठ्ठा पुसून टाक. दुसऱ्या पायरीला ‘हो’ आलं की पुढचं सगळं डोळे मिटून. पाठवणाऱ्या कमांडने शेवटी काय उत्तर दिलं, हे मी कुठेच विचारलं नव्हतं. आणि ‘नेट आहे का’ हे बघायला मी पिंग करत होते (हाक मारून उत्तर येतं का ते बघणं) १९२.१६८.१.१ ला, म्हणजे माझ्याच राउटरला. तो त्या मशीनपासून दोन हातांवर, एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. उत्तर देणार नाही तर काय करेल? घरातल्या माणसाला हाक मारायची, त्याने ‘ओ’ दिली की सगळं गाव जागं आहे असं धरून चालायचं, त्यातला प्रकार.

हिशेबाची फाइल जुन्या प्रतीवरून हाताने पुन्हा भरली. दीड दिवस गेला. त्या रागात स्क्रिप्ट उघडली.

पहिल्यांदा कळायला हवं होतं की रात्री दोन वाजता नक्की होतं काय. दिवसा तर सगळं सुरळीत. म्हणून एक छोटी नोंद-स्क्रिप्ट लिहिली, जी दर मिनिटाला बाहेरच्या एका पत्त्याशी जोडणी होते का ते बघेल आणि वेळेसकट एक ओळ लिहील. पिंगवरून माझा विश्वास उडालेला, त्यामुळे बॅश या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममधली एक युक्ती वापरली. बॅशला ‘/डेव्ह/टीसीपी’ नंतर पत्ता आणि पोर्ट (त्या पत्त्यावरच्या दाराचा क्रमांक) दिला की तो स्वतःच टीसीपी जोडणी, म्हणजे पलीकडून होकार घेऊन होणारी जोडणी, करून बघतो, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. डिस्कवर अशी फाइल शोधायला जाल तर सापडणार नाही. ते नाव फक्त बॅशलाच कळतं. १.१.१.१ या बाहेरच्या पत्त्याचं ४४३ पोर्ट दिलं, ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनला लावलं आणि झोपले.

सकाळी लॉग बघितला तर वेळा उलटसुलट. दोन वाजून सहाची ओळ दोन वाजून आठच्या खाली. काही मिनिटांना एकही ओळ नाही, तर काही ठिकाणी दोन ओळी एकमेकींत घुसलेल्या. तासभर मी घड्याळाला दोष देत होते. (या घड्याळाकडे पुन्हा यायचं आहे.) खरं कारण हे की लाइन पूर्ण मेलेली असते तेव्हा ‘नाही’ असं कुणी सांगतच नाही. जोडणीची विनंती जाते आणि हरवते. त्या जुन्या मशीनवरचा लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) ती सहा वेळा परत पाठवतो, दर वेळी दुप्पट थांबून: एक सेकंद, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस आणि शेवटी चौसष्ट. बेरीज १२७ सेकंद. बॅशच्या या युक्तीला स्वतःची अशी वेळेची मर्यादा नाही. म्हणजे दर मिनिटाला सुरू होणारी माझी स्क्रिप्ट दोन मिनिटांहून जास्त लटकत होती आणि एका वेळी दोन-तीन जणी एकाच फाइलवर लिहीत होत्या.

उपाय दोन ओळींचा. कमांडच्या आधी ‘टाइमआउट ५’, म्हणजे पाच सेकंदांत जमलं नाही तर नाद सोड. आणि ‘एफलॉक’, म्हणजे आधीची स्क्रिप्ट संपल्याशिवाय दुसरी सुरू होऊ नये. नेट तपासणाऱ्या कुठल्याही स्क्रिप्टमध्ये मी आता सगळ्यात आधी टाइमआउट शोधते. तो नसला तर बाकीचं वाचायचे कष्टच घेत नाही.

दुसऱ्या रात्रीचा लॉग स्वच्छ आला. पहाटे १:३८ ते ३:५२ बाहेरचं काही नाही, राउटर मात्र ठणठणीत. तिसऱ्या रात्रीही जवळपास तसंच. जोडणी देणाऱ्यांना फोन केला तेव्हा कळलं की लाइनवर काम चालू आहे, ‘रात्री कोण वापरतं’ म्हणून रात्री. यावर काय बोलणार.

बॅकअपची वेळ पाच वाजता केली असती तर प्रश्न तिथेच मिटला असता. पण आता मला खाज सुटली होती. शिवाय दादाला त्याच्या विंडोज मशीनवर हेच हवं होतं, आणि माझ्या मॅक लॅपटॉपवरही चालावं असं मला वाटत होतं. तिघांसाठी एकच तपासणी लिहू म्हटलं. सोपी: बाहेरच्या पत्त्याला एक पिंग, उत्तर आलं तर नेट आहे.

पिंग हा प्रोग्रॅम माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला, अमेरिकी लष्कराच्या एका संशोधन प्रयोगशाळेत काम करताना, नेटवर्क विचित्र वागत होतं म्हणून, एका संध्याकाळी. नाव पाणबुड्यांच्या सोनारच्या आवाजावरून. एक हाक पाठवायची आणि प्रतिध्वनी किती वेळाने येतो ते मोजायचं. हाक आणि प्रतिध्वनीचे हे दोन निरोप आयसीएमपी या नेटवर्कच्या निरोपांच्या नियमावलीत १९८१ पासूनच लिहून ठेवलेले होते. इतका जुना, इतका साधा प्रोग्रॅम सगळीकडे सारखाच असेल असं मला वाटत होतं. तो तसा नाही.

लिनक्सवर मी ‘किती वेळ थांबायचं’ या पर्यायाला २ दिलं होतं, दोन सेकंद म्हणून. तीच स्क्रिप्ट मॅकवर नेली तर नेट कायमचं गायब. ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू आहे आणि स्क्रिप्ट ठामपणे म्हणतेय ‘नेट नाही’. मॅन्युअल वाचल्यावर कळलं की मॅकवर तोच पर्याय, तेच अक्षर, पण आकडा मिलिसेकंदांत. दोन मिलिसेकंदांत उत्तर द्यायला पलीकडचा सर्व्हर शेजारच्या खोलीतच असायला हवा. विंडोजवर तर अक्षरंही वेगळी, किती पिंग करायचे ते सांगायलासुद्धा.

दादाची कथा आणखी मजेची. त्याला मी बॅच फाइल, म्हणजे विंडोजची स्क्रिप्ट, करून दिली: बाहेरच्या ८.८.८.८ ला एक पिंग, एररलेव्हल (कमांड संपताना देते तो आकडा, शून्य म्हणजे ठीक) शून्य असेल तर ‘नेट आहे’. संध्याकाळी त्याचा फोन.

“अगं, राउटरमागची बाहेरून येणारी वायर काढून ठेवलीय मी हातात. तरी तुझी स्क्रिप्ट म्हणतेय नेट आहे.”

“असं कसं होईल? पडद्यावर काय येतंय ते वाच.”

“राउटरच्या पत्त्यावरून उत्तर आलंय. डेस्टिनेशन नेट अनरीचेबल.”

म्हणजे राउटर प्रामाणिकपणे सांगत होता की पुढे रस्ता नाही, आणि विंडोजचा पिंग म्हणत होता की चला, कुणीतरी उत्तर तर दिलं. खालच्या हिशेबात ‘पाठवले १, मिळाले १, हरवले ०’, एररलेव्हल शून्य. उत्तर कुणाकडून आलं आणि त्यात काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. यावर जुना आणि जरा गावठी इलाज आहे: पिंगने पडद्यावर जे छापलं त्यात ‘टीटीएल=’ हे शब्द शोधायचे. खऱ्या प्रतिध्वनीच्या ओळीतच ते असतात. तसं करून दिलं. दोन दिवसांनी पुन्हा फोन: “आता वायर लावली तरी नेट नाही म्हणतेय.” दादाने मधल्या काळात आकडी पत्ता काढून तिथे एका साइटचं नाव घातलं होतं. त्या नावाचा आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा; जुना तो आयपीव्ही४) पत्ता निघत होता, आणि विंडोजचा पिंग आयपीव्ही६ च्या उत्तरात टीटीएल छापतच नाही. ‘आयपीव्ही४ च वापर’ असा पर्याय घालून त्याचं समाधान केलं. शब्द शोधून निर्णय घेणारी स्क्रिप्ट ही अशी, छापणाऱ्याने एक शब्द बदलला की आंधळी.

या सगळ्या उद्योगात एक गोष्ट हळूहळू लक्षात येत होती. ‘नेट आहे का’ हा मुळात एक प्रश्नच नाही, ती उतरंड आहे. तळाला केबल. लिनक्समध्ये प्रत्येक नेटवर्क कार्डासाठी ‘कॅरिअर’ नावाची एक फाइल असते. केबलमध्ये जीव असेल तर तिच्यात १, नसेल तर ०. (कार्डच बंद करून ठेवलं असेल तर फाइल वाचतानाच एरर येते, तीही एक माहितीच.) त्यावर पत्ता: १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर समजायचं की मशीनला कुणी पत्ता दिला नाही आणि बिचाऱ्याने स्वतःच एक घेतला. त्यावर राउटरकडे जाणारा रस्ता, मग बाहेरचा आकडी पत्ता, मग नावं सुटतात का (साइटच्या नावाचा आकडी पत्ता मिळतो का), आणि सगळ्यात वर तो एक सर्व्हर ज्याच्याशी मला प्रत्यक्ष काम आहे. मी दोन वर्षं राउटरच्या पायरीवर उभी राहून कळसाबद्दल बोलत होते.

नावांची पायरी विशेष फसवी. आकडी पत्त्याला पिंग जातो, माणूस म्हणतो नेट आहे, आणि ब्राउझरमध्ये एकही साइट उघडत नाही, कारण नावं सोडवणारं डीएनएस पडलेलं असतं. तेही लगेच ‘नाही’ म्हणत नाही. लिनक्समध्ये नाव सोडवणारा भाग साधारणपणे पाच सेकंद वाट बघतो आणि पुन्हा एकदा विचारतो. स्क्रिप्टने तीन वेगवेगळी नावं विचारली तर अर्धा मिनिट तिथेच जातो.

पुढच्या महिन्यात आणखी एक थर कळला, तोही माझ्याच विसरभोळेपणामुळे. जोडणीची मुदत संपली होती आणि पैसे भरायचे राहिले होते. पिंग जात होता. नावं सुटत होती. माझी तपासणी तोपर्यंत बरीच सुधारली होती: ती एक साधं वेबपान मागायची, २०० हा ‘सगळं ठीक’चा कोड आला की खूश. तो आला. फक्त ते पान माझं नव्हतं. कुठलंही पान मागा, समोर ‘तुमच्या प्लॅनची मुदत संपली आहे’ हेच. सार्वजनिक वायफायवर लॉगिनचं पान समोर येतं, तोच हा प्रकार. अशा वेळी देण्यासाठी २०१२ पासून ५११ हा खास कोड नेमून दिलेला आहे, ‘आधी ओळख पटवा’ अशा अर्थाचा. मला तरी तो अजून कुठल्या पानावर भेटलेला नाही. सगळी मंडळी आपली २०० म्हणून मोकळी.

मोठ्या कंपन्यांनी हे कसं सोडवलंय ते बघायला गेले तेव्हा बरं वाटलं, कारण त्यांचीही युक्ती अगदी साधी आहे. अँड्रॉइड एक असा पत्ता मागतं जिथून २०४ यायला हवा, म्हणजे ‘सगळं ठीक, मजकूर काही नाही’. लॉगिनच्या पानाला मजकूर असतोच, त्यामुळे ते लगेच पकडलं जातं. ॲपलच्या पानावर ‘सक्सेस’ हा एकच शब्द असतो. विंडोज १० एक छोटी फाइल मागतं आणि तिच्यात ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढंच लिहिलेलं आहे का ते बघतं. टास्कबारवरचं ते चिन्ह यावरूनच ठरतं. आणि असं मधलं पान पकडायला या तपासण्या मुद्दाम साधं एचटीटीपी (वेबपानं उघड्यावर मागण्याची पद्धत) वापरतात, नुसतं एचटीटीपीएस (तीच पद्धत, पण कुलूप लावून) नाही. एचटीटीपीएसमध्ये मधल्याला स्वतःचं पान घुसडता येत नाही, त्यामुळे नुसती एरर येते आणि नेट मेलंय की कुणी वाट अडवलीय ते कळत नाही. लिनक्सवर नेटवर्क मॅनेजर हा जोडण्या सांभाळणारा प्रोग्रॅम असेल तर तोही विचारल्यावर पाच शब्दांपैकी एक सांगतो: काही नाही, पोर्टल (लॉगिनचं पान आडवं आलंय), अपुरं, पूर्ण किंवा माहीत नाही. ‘माहीत नाही’ असं उत्तर देणारा प्रोग्रॅम मला फार आवडला.

मीही माझ्या सर्व्हरवर एक पान ठेवलं, त्यात एकच विचित्र शब्द. स्क्रिप्ट पान मागते आणि तोच शब्द आलाय का ते बघते.

एवढं सगळं झाल्यावर एका रात्री तपासणी २:०० ला पास झाली आणि २:११ ला पाठवता पाठवता लाइन गेली.

त्या क्षणी स्वतःवरच हसू आलं. महिनाभर मी दाराशी उभं राहून ‘बाहेर पाऊस आहे का’ हे विचारायची पद्धत सुधारत होते, आणि चालायचं होतं वीस मिनिटं. तपासणी कितीही चोख असली तरी ती तपासणीच्या क्षणाबद्दलच बोलते. खरं काम तेच खरी तपासणी. म्हणून स्क्रिप्ट उलटी केली. आता ती आधी काही विचारत नाही, सरळ गठ्ठा पाठवायला घेते. पाठवण्याचं काम कर्ल या प्रोग्रॅमकडे आहे आणि कर्ल जाताना एक आकडा सांगून जातो. ६ म्हणजे नाव सुटलं नाही. ७ म्हणजे जोडणीच झाली नाही. २८ म्हणजे वेळ संपली. ६० म्हणजे सर्व्हरचं प्रमाणपत्र, त्याच्या ओळखीचा पुरावा, पटलं नाही. एक खोच इथेही आहे: सर्व्हरने ४०४ (पान नाही) किंवा ५०० (सर्व्हरचीच चूक) म्हटलं तरी कर्ल आपला शून्यच देतो, कारण त्याच्या मते निरोप पोचला आणि उत्तरही आलं. ‘फेल’ हा पर्याय दिला की मग अशा वेळी २२ येतो. तो पर्याय जुन्या स्क्रिप्टमध्ये नव्हता हे सांगायला नकोच.

शून्य आला तरी स्क्रिप्ट थांबत नाही. सर्व्हरवरच्या फाइलची साइझ मागते, इथल्या गठ्ठ्याशी ताडून बघते, आणि मगच गठ्ठा पुसते. शून्य आला नाही तर गठ्ठा राहतो, आणि तेव्हा कुठे ती उतरंडीची तपासणी चालते, केबलपासून वर, नेमकं कुठे अडलं ते एका ओळीत लिहायला. मग एक मिनिट थांबून पुन्हा प्रयत्न, मग दोन, चार, आठ, असं तासाभरापर्यंत. थांबण्याच्या वेळेत काही सेकंद कमी-जास्त, चिठ्ठी टाकल्यासारखे, म्हणजे लाइन परत आल्यावर माझी आणि दादाची मशीन एकाच क्षणी सर्व्हरवर धडकू नयेत. दोन मशीनना याची गरज नाही हे मला कळतं. आवडलं म्हणून घातलं.

मग हे सगळं खरंच चालतं का ते बघायचं. नेट नसल्याचं सोंग करणं वाटतं तितकं सोपं नाही. केबल काढणं हे एकच सोंग झालं. फायरवॉलमध्ये (नेटवर्कवरची ये-जा अडवणारा पहारेकरी) ‘रिजेक्ट’चा नियम घातला तर लगेच नकार येतो आणि कर्ल ७ देतो. ‘ड्रॉप’चा घातला तर नुसती शांतता आणि कर्ल २८ देतो. रात्रीची मेलेली लाइन दुसऱ्या प्रकारातली, त्यामुळे ‘ड्रॉप’शिवाय केलेल्या चाचणीला अर्थ नव्हता. डीएनएस पाडायला सगळं यूडीपी (डीएनएसचे निरोप ज्यावरून जातात ती पद्धत) अडवलं. आणि एकदा उत्साहाच्या भरात लॅपटॉपवरून एसएसएचने (दुसरं मशीन नेटवर्कवरून चालवण्याची सोय) त्या मशीनवर शिरून त्याचं नेटवर्क कार्डच बंद केलं. कमांड लगेच पाळली गेली. पडदा गोठला. ज्या फांदीवर बसले होते तीच तोडली होती. मग टेबलाखाली जाऊन कीबोर्ड जोडणं, मॉनिटर ओढत आणणं, हे सगळं.

त्यानंतर कित्येक आठवडे स्क्रिप्टकडे बघायची वेळ आली नाही. मग एकदा रात्री वीज गेली, मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालं, आणि सकाळी लॉगमध्ये नवीन ओळ: ‘केबल ठीक, पत्ता ठीक, राउटर ठीक, बाहेर ठीक, नावं ठीक. कोड ६०.’

नेट होतं. सगळ्या पायऱ्या होत्या. सर्व्हरचं प्रमाणपत्र ब्राउझरमध्ये बघितलं, तेही चांगलं होतं, गेल्याच महिन्यात नवं केलेलं. अर्धा तास कर्लशी भांडल्यावर ओळीच्या सुरुवातीची तारीख वाचली. मशीनच्या मते ते साल २०१८ होतं. त्या सालातून बघितलं तर माझं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलं नव्हतं, तेव्हा ते पटणार कसं? मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता, वीज गेल्यावर घड्याळ विसरलं. पण नेट असताना मशीनने वेळ जुळवून घ्यायला हवी होती, ती का नाही घेतली? वेळ विचारण्याचे निरोप यूडीपीच्या १२३ पोर्टवरून जातात. आणि डीएनएस पाडायला मी सगळं यूडीपी अडवलं होतं. चाचणी झाल्यावर त्यातलं डीएनएसचं ५३ तेवढं मोकळं केलं, नियम सेव्ह केले, आणि उठले होते.

सेल बदलला, नियम काढला. त्या रात्री २:०७ ची ओळ आली: ‘कोड ०, साइझ जुळली.’ तरी सकाळी मी सर्व्हर उघडून फाइल तिथे आहे ना ते बघितलंच.